ताट रिकामे परत जात नाही



दिवाळी आली की घरोघरी एक ताट निघते. ताटात दोन करंज्या, चार शंकरपाळे, एखादी चकली, मूठभर चिवडा. वर विणलेला रुमाल. घरातले लहान पोर ते ताट सांभाळत शेजारी नेते. शेजारीण फराळ काढून घेते, पण ताट रिकामे परत देत नाही. घरात काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालते. ही आपली जुनी चाल आहे. तुमच्याही घरी असेल.

या धड्यात अशाच एका ताटाची हकीगत सांगायची आहे. हे ताट दिवाळीला आमच्या घरून पिंजाऱ्यांच्या घरी जाते. ईदेला त्यांच्या घरून आमच्याकडे डबा येतो. आमच्या जन्माच्याही आधीपासून हे चालत आले आहे. मध्ये दोन वर्षे मात्र ते बंद पडले. ते का बंद पडले, त्यात कोणाचे काय नुकसान झाले आणि पुन्हा ते कसे सुरू झाले, हे नीट वाचा. यात मोठी चूक आमची होती, हे आधीच सांगून टाकतो.

१. ओळख कशी झाली

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात आहे. मुलूख कोरडा. पाऊस झाला तर ज्वारी, नाही झाला तर नुसती ढेकळे. वडील शेती करीत. ते माळकरी होते. दर आषाढीला पंढरपूरला जात.

दसरा झाला की थंडी जवळ येते. त्या वेळी गादी, उशी, रजई उसवून आतला कापूस पिंजून घ्यावा लागतो. वर्षभर अंगाखाली दबून त्याचे गोळे होतात. पिंजल्यावर तोच कापूस पुन्हा हलका होतो, फुलतो आणि ऊब धरतो. हे काम पिंजारी करतो. त्याच्या हत्याराला पिंजण म्हणतात. मोठ्या धनुष्यासारखे ते असते आणि त्याला तात ताणून लावलेली असते. तात कापसात धरून लाकडी ठोकळ्याने ठोकली की टण् टण् असा आवाज निघतो. कापसाचे तंतू सुटे होतात, धूळ खाली पडते. पिंजाऱ्याच्या भुवया संध्याकाळपर्यंत पांढऱ्या होतात.

असेच एक पिंजारी आमच्या गावात आले आणि गावचेच होऊन राहिले. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. पहिल्या वर्षी त्यांना राहायला जागा नव्हती. वडिलांनी आमची ओसरी त्यांना दिली. दिवाळी तोंडावर होती. आईने फराळाचे ताट ओसरीवर नेऊन दिले. चाचींनी ताट घासून पुसून परत केले, आणि त्यात काय होते? मुलांसाठी शिवलेली एक लहानशी उशी. तेव्हापासून ताटाची ये-जा सुरू झाली.

ईदेला चाची शिरखुर्मा करीत. 'शीर' हा फारसी शब्द आहे. त्याचा अर्थ दूध. 'खुर्मा' म्हणजे खजूर. दुधात शेवया, खारीक, खोबरे, चारोळी घालून तो करतात. आमचे वडील माळकरी, म्हणून चाची आमच्या वाटणीचा शिरखुर्मा एका वेगळ्या पातेल्यात करीत. ते पातेले इतर कशालाही वापरत नसत. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते. त्या आपणहून करीत. आमच्या आईलाही हे दोन-तीन वर्षांनी कळले.

आईनेही एक गोष्ट मनात ठेवली होती. रमजानचा महिना चालू असला आणि त्यातच दिवाळी आली, तर ताट सकाळी पाठवायचे नाही. दिवसभर त्यांचा रोजा असतो. समोर फराळ ठेवून त्यांना अवघडून टाकायचे नाही. ताट दिवेलागणीला, रोजा सोडायच्या वेळी पाठवायचे.

उन्हाळ्यात दोन्ही घरच्या बायका मिळून शेवया करीत. गहू ओलवायचा, दळायचा, चाळायचा, पीठ मळून तिंबायचे आणि पाटावर बोटांनी वळत वळत शेवई लांबवायची. काठीवर वाळत घातलेल्या त्या शेवयांपैकी कुठल्या आमच्या आणि कुठल्या त्यांच्या, हे सांगता येत नसे. आमच्या घरी त्यांची खीर होई. त्यांच्या घरी शिरखुर्मा होई.

२. दोन सण एका आठवड्यात कसे येतात

इथे एक प्रश्न पडेल. दिवाळी नेहमी थंडीच्या सुरुवातीला येते. ईद मात्र कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात, कधी थंडीत. असे का?

याचे उत्तर चंद्रात आहे. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. हा चंद्राचा महिना. असे बारा महिने मोजले तर ३५४ दिवस होतात. पण ऋतूंचे वर्ष सूर्यावर चालते. ते ३६५ दिवसांचे. म्हणजे चांद्र वर्ष ११ दिवसांनी लहान पडते.

आपल्या पंचांगात ही तूट भरून काढतात. सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्त धरतात. त्याला अधिक महिना किंवा धोंड्याचा महिना म्हणतात. त्यामुळे दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून जात नाही. मुसलमानी वर्षात जास्तीचा महिना धरत नाहीत. म्हणून ईद दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते. सरकत सरकत ती सगळे ऋतू फिरते आणि ३२-३३ वर्षांनी पुन्हा मूळ जागी येते.

गंमत पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. रमजान ईद अमावास्येनंतरची चंद्रकोर दिसली की दुसऱ्या दिवशी असते. म्हणून फेरा जुळून आला की एकाच अमावास्येच्या अलीकडे दिवाळी आणि पलीकडे ईद येते. १९७२ आणि १९७३ साली असे झाले. मग २००४, २००५ आणि २००६ साली झाले. आमच्या हकीगतीत १९७२ आणि २००४ ही दोन साले महत्त्वाची आहेत.

३. दुष्काळातले ताट

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. ज्यांनी तो पाहिला, ते आजही 'बहात्तरचा दुष्काळ' असेच म्हणतात. आम्ही तेव्हा १२ वर्षांचे होतो. ज्वारी हाताला लागली नाही. विहिरी आटल्या. गुरे छावणीत गेली, काही विकली गेली. रेशनवर परदेशातली तांबडी मिलो मिळे. सरकारने रस्ते, पाझर तलाव, बांध अशी कामे काढली. माणसे घरदार सोडून कामावर गेली. तिथे सुकडी वाटत. याच काळात रोजगार हमी योजना आली आणि पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला.

आमचे वडील आणि चाचा एकाच कामावर खडी फोडीत असत. एक शेतकरी, एक पिंजारी. शेतात पीक नाही आणि गादी भरून घ्यायला कोणाकडे पैसा नाही. दोघांच्याही हातांना फोड आले होते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिवाळी आली. घरात तेल नव्हते. तळण कसले करणार? आम्हां मुलांना वाटले, यंदा ताट जाणार नाही. पण आईने मिलोच्या पिठात तिखट-मीठ घालून तव्यावर धपाटी लावली. चार धपाटी आणि गुळाचा एक खडा ताटात ठेवला. वर नेहमीचा रुमाल टाकला. दिवेलागणीला ते ताट आम्हीच घेऊन गेलो. आम्हांला लाज वाटत होती. आई म्हणाली,

"ताटात काय हाय ते बघू नगं. ताट गेलं पायजे."

तीन दिवसांनी ईद झाली. चाचींचा डबा आला. दूध नव्हते. गेल्या उन्हाळ्यातल्या उरलेल्या शेवया गुळाच्या पाण्यात शिजवल्या होत्या. आईने त्या आम्हां भावंडांना वाटीवाटीने दिल्या. पुढे आम्ही बदाम-चारोळीचा शिरखुर्मा पुष्कळ खाल्ला, पण त्या शेवया विसरलो नाही.

चाचांचा मुलगा आमच्याच वयाचा. आम्ही त्याला भाई म्हणतो, तो आम्हांला मास्तर म्हणतो. भाई शाळेत उशिरा बसला होता. तेव्हा तो तिसरीत होता. दुष्काळात तो आईबापांबरोबर कामावर गेला आणि त्याची शाळा सुटली ती सुटलीच. आलेली अक्षरेही हळूहळू गेली. अक्षर हे शेतासारखे आहे. वहिवाट सोडली की तण माजते.

४. ताट जड झाले

दिवस पालटले. आम्ही मॅट्रिक झालो, शिक्षक झालो, पुढे मुख्याध्यापक झालो. वडील गेले. चाचा-चाचीही गेले. पण ताट चालू होते. आता ते आमची मंडळी पाठवीत आणि भाईच्या घरून वहिनी डबा पाठवीत.

आमचा पगार वाढला, तसे ताटही वाढले. आधी घरचा फराळ जाई. मग त्यावर दुकानातल्या मिठाईची पेटी आली. मग मुलांना फटाके. २००१ च्या दिवाळीत आम्ही ताटाबरोबर वहिनींना साडी आणि पोरांना कपडे पाठवले. मनात प्रेमच होते. पण खरे सांगायचे तर थोडी मिरवण्याची हौसही होती. गल्लीने पाहावे, मास्तरांनी काय काय दिले, असे वाटत होते.

तिकडे भाईचे दिवस उलटे फिरले होते. कापूस पिंजायची यंत्रे आली. बाजारात फोमच्या तयार गाद्या मिळू लागल्या. पिंजणाला काम राहिले नाही. आम्ही शेजारी राहून हे पाहत होतो, पण आमच्या ते ध्यानात आले नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर महिन्याभरात ईद आली. भाईच्या घरून डबा आला. डब्याबरोबर आम्हांला धोतरजोडी, आमच्या मंडळींना साडी, मुलांना कपडे. आम्ही म्हणालो, "वा! भाईचे बरे चालले आहे." आणि विषय सोडून दिला.

पुढच्या वर्षी आम्ही दिवाळीला पुन्हा तसेच ताट पाठवले. पण २००२ च्या ईदेला डबा आला नाही. आम्ही संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. भाई रस्त्यात दिसला तर मान खाली घालून गेला. आम्हांला राग आला. आम्ही घरात म्हणालो, "एवढे करून काय मिळाले? माणसे बदलतात." आई तेव्हा पंचाहत्तरीला आली होती. ती म्हणाली, "जाऊन इचार तर खरं." आम्ही गेलो नाही. मुख्याध्यापकाने आपण होऊन कशाला जायचे?

२००३ च्या दिवाळीला आम्ही ताट पाठवले नाही. त्या ईदेलाही डबा आला नाही. साठीला आलेली मैत्री, पण भांडण नाही, शिवी नाही, एक शब्द नाही आणि ती बंद पडली. भांडण झाले असते तर मिटवता आले असते. अबोला मिटवायला हाताला काही लागत नाही.

५. दिवेलागणीला

२००४ साल आले. दिवाळी आणि ईद पुन्हा एका आठवड्यात. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. तिसरा प्रहर झाला तेव्हा आई स्वतः चुलीपाशी बसली. तिने ज्वारीच्या पिठात तिखट-मीठ कालवले आणि तव्यावर चार धपाटी लावली. आमची मंडळी म्हणाली, "आत्याबाई, घरात एवढा फराळ पडलाय. हे कशाला?" आईने उत्तर दिले नाही. तिने जुने पितळी ताट काढले, चार धपाटी ठेवली, गुळाचा खडा ठेवला, रुमाल टाकला आणि आमच्यापुढे सरकवले.

"पोराकडं देऊ नगं. तू जा."

आम्ही ४४ वर्षांचे, गावातले मुख्याध्यापक. पण ताट हातात घेतले तेव्हा पाय बारा वर्षांच्या पोरासारखे जड झाले होते.

भाई दारातच बसला होता. पुढ्यात पाण्याचा तांब्या आणि दोन खजूर. रोजा सोडायची वेळ झाली होती. आम्हांला पाहून तो उठला. काय बोलावे हे त्यालाही कळेना, आम्हांलाही कळेना. आम्ही रुमाल काढला. त्याने धपाटी पाहिली, गूळ पाहिला आणि तो खाली बसला.

"ही बहात्तरची धपाटी," तो म्हणाला. "आईनं केली?"

"आईनं केली."

त्याने खजूर खाऊन रोजा सोडला. मग धपाट्याचे दोन तुकडे केले. एक आमच्या हातात दिला. आम्ही दोघेही उंबऱ्यावर बसून खाल्ले. बऱ्याच वेळाने तो बोलू लागला.

६. कागदावर काय होते

२००१ च्या ईदेला आमच्या ताटाची फेड करण्यासाठी भाईने कर्ज काढले होते. एका खाजगी सावकाराकडून ३००० रुपये. व्याज शेकडा पाच. भाईने कागदावर अंगठा दिला होता. कागद वाचता येत नव्हता आणि वाचून घेण्याची लाज वाटत होती.

"मला का नाही दाखवलास?" आम्ही विचारले.

"मास्तर, तुमच्याच साडीची फेड करायला काढलेलं कर्ज. तुम्हालाच कसं दाखवू?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आता हा हिशेब आपण करू. शेकडा पाच म्हणजे शंभराला पाच रुपये. पण कशाचे? वर्षाचे की महिन्याचे? हा प्रश्न विचारायला विसरू नये. भाईला वाटले वर्षाचे. सावकार घेत होता महिन्याचे. ३००० रुपयांत ३० शेकडे. एका शेकड्याला ५ रुपये, म्हणजे ३० गुणिले ५, बरोबर १५० रुपये महिन्याला. बारा महिन्यांचे १८०० रुपये. म्हणजे शंभराला वर्षाचे ६० रुपये झाले! एवढे व्याज भरत राहिला तर गरीब माणूस मुद्दलापर्यंत पोहोचतच नाही. भाईने तीन वर्षांत थोडे थोडे करून मुद्दलाइतके पैसे नुसत्या व्याजापायी दिले होते. पावती एकाचीही नव्हती.

आम्ही दुसऱ्या दिवशी सावकाराकडे गेलो. बरोबर गावातले दोन वडीलधारे घेतले. कागद दाखवायला सांगितला आणि मोठ्याने वाचला. कागदावर ३००० नव्हते. ५००० होते.

भाई काही बोलला नाही. त्याने नुसते आपल्या अंगठ्याकडे पाहिले.

सावकाराकडे परवाना नव्हता. त्या वेळी १९४६ चा सावकारी कायदा होता आणि त्यालाही परवाना लागत असे. कायद्याचे नाव निघाले तसा त्याचा आवाज उतरला. शेवटी मूळचे ३००० रुपये घेऊन कागद परत द्यायचे ठरले. भाईजवळ १००० होते. उरलेले २००० आम्ही देऊ केले.

भाई म्हणाला, "फुकट नको. फुकट दिलेत तर ताट पुन्हा जड होईल."

मग ते हातउसने ठरले, बिनव्याजी. भाईने दर महिन्याला २०० रुपये दिले. दहा महिन्यांत पैसे फिटले. प्रत्येक हप्त्याला आम्ही वहीत तारीख घालून सही करीत असू आणि भाईलाही सही करायला लावीत असू. पहिल्या महिन्यात त्याने अंगठा दिला. आम्ही म्हणालो, "आता रोज रात्री अर्धा तास ये." तो येऊ लागला. मोडलेले वाचन पुन्हा लागायला वेळ लागत नाही. चौथ्या हप्त्याला त्याने वहीत आपले नाव लिहिले. अक्षरे वाकडी होती, पण कोणी पुसू शकणार नाही अशी होती.

आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणे गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कचेरीत करता येते. पण कायद्याची पायरी चढायची वेळच येऊ नये, हे जास्त चांगले.

७. दोन घरांचा ठराव

त्या वर्षी दिवाळीनंतर ईद झाली. डबा आला. त्यात फक्त शिरखुर्मा होता. आईने तो चाखला आणि म्हणाली, "आता बरं झालं."

पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही घरची माणसे शेवया करायला बसली, तेव्हा आम्ही एक ठराव केला. तो असा:

ताटात घरी केलेलेच पदार्थ घालायचे. दुकानातली पेटी नाही. कपडालत्ता नाही. पाचांहून जास्त जिन्नस नाहीत. एखाद्या वर्षी घरात काही नसले तर धपाटी आणि गूळ. तेही नसले तर नुसती साखर. पण ताट चुकवायचे नाही. आणि एखाद्या वर्षी ताट आले नाही, तर रागवायचे नाही. उठून विचारायला जायचे.

आई गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. भाई आणि आम्ही दोघेही साठी ओलांडून गेलो. भाईचा नातू पुण्यात नोकरीला आहे, आमचा मुलगाही पुण्यात आहे. आता एक ताट गावात जाते आणि एक तिकडे पुण्यात जाते. शेवया मात्र अजून गावाहून नेतात.

आम्ही मागे हिशेब केला. दिवाळी आणि ईद पुन्हा एका आठवड्यात २०३७ साली येतील. चंद्र दिसण्यावर एखादा दिवस इकडेतिकडे होईल. त्या वेळी आम्ही असलो तर ७७ वर्षांचे असू. असू किंवा नसू. पण त्या दिवशी दिवेलागणीला ताट निघायला हवे आणि त्यात काय आहे हे कोणी पाहू नये, एवढे आम्ही मुलांना सांगून ठेवले आहे.

या हकीगतीवरून काय घ्यायचे?

सण हा पैशाचा नाही, ये-जा करण्याचा आहे. 'ऋण काढून सण करू नये' असे आपले वाडवडील सांगत. त्यात आम्ही एक भर घालतो. दुसऱ्याला ऋण काढावे लागेल असाही सण करू नये. आपण दिलेले दुसऱ्याला परत करता येईल का, हे देण्याआधी पाहावे. ज्याच्या हाती जास्त आहे, त्याने ताट हलके ठेवावे. आणि अबोला धरण्यापूर्वी एकदा त्याच्या दारात जाऊन यावे. आम्ही दोन वर्षे गेलो नाही. त्या दोन वर्षांत भाई एकटा व्याज भरत होता, आणि त्याचा कागद वाचू शकणारा माणूस चार घरे पलीकडे रुसून बसला होता.

लक्षात ठेवा

१. न वाचता कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये.
२. व्याज ठरवताना 'महिन्याचे की वर्षाचे' हे विचारावे.
३. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्यावी.
४. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही ठिकाणी लिहिली आहे का ते पाहावे.

नवे शब्द

पिंजण: कापूस पिंजण्याचे धनुष्यासारखे हत्यार.
तात: पिंजणाला ताणून लावलेली दोरी.
रोजा: रमजान महिन्यातला दिवसभराचा उपास.
मुद्दल: कर्जाऊ घेतलेली मूळ रक्कम.
हातउसने: ओळखीवर, थोड्या दिवसांसाठी घेतलेले पैसे.

प्रश्न

१. रमजानात दिवाळी आली तर आई ताट कोणत्या वेळी पाठवी? का?
२. ईद दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे का येते?
३. भाईने आपले कर्ज मास्तरांपासून का लपवले? तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते?
४. २००० रुपयांना शेकडा ४ दरमहा असे व्याज असेल, तर एका महिन्याचे व्याज किती? एका वर्षाचे किती?
५. तुमच्या घरून सणाला कोणाकडे ताट जाते? ते कधीपासून जाते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि पाच ओळी लिहा.